नोकरी सांभाळून पंच झालेल्यांसाठी एक दिवसाची कार्यशाळा : सविस्तर अभिप्राय

मी सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवतो आणि गेल्या निवडणुकीपासून आमच्या गावच्या ग्रामपंचायतीचा सदस्यही, म्हणजे पंचही, आहे. पगार सरकारी तिजोरीतून घेणारी आणि त्याच वेळी लोकांनी निवडून दिलेली माझ्यासारखी माणसे गावोगावी आहेत. त्यांनी कोठे थांबावे, काय जाहीर करावे आणि कोणत्या विषयावर हात वर करू नये, हे शिकवणारी एक दिवसाची कार्यशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी एक खाजगी प्रशिक्षण संस्था घेते. शुल्क १,२०० रुपये आहे आणि त्यात दुपारचे जेवण, ९६ पानांची पुस्तिका आणि पुढील सहा महिने फोनवरून शंकानिरसन एवढे मिळते. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही उणिवा लिहायच्या आहेत आणि अशा कार्यशाळा घेणाऱ्या कोणालाही त्या लागू पडण्यासारख्या आहेत.

मी तेथे का गेलो, हे आधी सांगायला हवे. निवडून आल्यानंतरच्या दुसऱ्याच मासिक सभेत आमच्या शाळेच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवण्याचा विषय आला. जागा ग्रामपंचायतीची होती, पावसाळ्यात तेथे मुलांचे पाय घोट्यापर्यंत चिखलात जात होते, आणि कामाची गरज कोणालाही नाकारता आली नसती. ठराव मांडला गेला तेव्हा अनुमोदक म्हणून मीच नाव दिले आणि प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या कार्यवृत्तात, ते तसे लिहिलेही गेले. सभा संपल्यावर पायऱ्यांवर भेटलेल्या आमच्या वॉर्डातील आबांनी मला बाजूला घेऊन शांतपणे विचारले, ''सर, मघाशी हात वर केलात तो पंच म्हणून, की शाळेचे मास्तर म्हणून?'' त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या कामातून मला एक रुपयाही मिळणार नव्हता, हे खरे असूनही ते उत्तर पुरेसे नाही, हे मला तेथेच जाणवले.

कार्यशाळेला आम्ही ४३ जण होतो. अनुदानित शाळांचे शिक्षक आणि लिपिक सर्वांत जास्त, त्याखालोखाल अंगणवाडी सेविका, दोन पोलीस पाटील, एक एसटीचे वाहक, सहकारी बँकेतले काही कर्मचारी, आणि अजून उमेदवारीच्या विचारात असलेले काही जण. शिकवायला दोघे होते. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून सेवा करून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना पुढे मी साहेब म्हणतो, आणि उच्च न्यायालयात पंचायतविषयक प्रकरणे चालवणाऱ्या एक वकीलबाई. या जोडीची निवड उत्तम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दप्तर कसे लिहिले जाते हे एकाला ठाऊक, आणि तेच दप्तर पुढे न्यायालयात कसे वाचले जाते हे दुसरीला ठाऊक.

सकाळचे सत्र निवडणुकीच्या दारातून आत कोण येऊ शकते आणि कोण येऊ शकत नाही, या विषयाला दिलेले होते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ मध्ये अपात्रतेची कारणे एकाखाली एक दिली आहेत, आणि त्यात शासनाचा किंवा कोणत्याही स्थानिक प्राधिकरणाचा नोकर ग्रामपंचायतीचा सदस्य होऊ शकत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम ५ याहूनही पुढे जातो, कारण त्याखाली उमेदवारी तर नाहीच, पण कोणाचा प्रचार करणेही निषिद्ध आहे. मतदान मात्र करता येते, आपण कोणाला मत देणार याचा सूचक उल्लेखही न करता. हे सारे येथवर सरळ आहे. गुंतागुंत यानंतर सुरू होते, आणि साहेबांनी ती फार चांगल्या रीतीने उलगडली.

त्यांनी फळ्यावर दोन शिक्षक काढले. एक जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतला, दुसरा संस्थेच्या अनुदानित हायस्कूलमधला. दोघांचाही पगार शेवटी शासनाच्याच पैशातून होतो, दोघेही तीच पाठ्यपुस्तके शिकवतात, दोघांनाही निवडणुकीची आणि जनगणनेची कामे लागतात. परंतु पहिला स्थानिक प्राधिकरणाचा नोकर असल्यामुळे पंच होऊ शकत नाही, आणि दुसऱ्याची नेमणूक व त्याच्यावरील कारवाई संस्था करत असल्यामुळे तो या पोटकलमात येत नाही. पैसा कोठून येतो हा एकच प्रश्न पुरत नाही. नेमणूक कोण करते, काढून कोण टाकू शकते आणि रोजच्या कामावर ताबा कोणाचा आहे, हे प्रश्नही विचारावे लागतात. लाभाच्या पदाविषयीच्या, म्हणजे ज्यातून आर्थिक फायदा मिळू शकतो अशा शासकीय पदाविषयीच्या, प्रकरणांत न्यायालयांनी वर्षानुवर्षे याच कसोट्या लावल्या आहेत. मी बारा वर्षे अनुदानित शाळेत काम करतो, पण मी पंच होऊ शकलो तो या बारीक भेदामुळे, हे मला त्या फळ्यासमोर बसल्यावर प्रथम नीट कळले. उभे राहण्यापूर्वी मी संस्थेची लेखी परवानगी घेतली होती, तीही खरे तर मुख्याध्यापकांच्या आग्रहामुळे.

याच सत्रातला सर्वांत उपयोगी मुद्दा म्हणजे अपात्रता आणि सेवाशर्तींचा भंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा. एसटीच्या वाहकांनी प्रश्न विचारला होता की महामंडळाचा कामगार शासनाचा नोकर नाही, मग मला काय अडचण? साहेबांनी उत्तर दिले की निवडणूक कायदा तुम्हाला आत सोडील, पण तुमच्या नोकरीचे शिस्तीचे नियम तुम्हाला बाहेर काढू शकतील. दोन्ही कागद वेगवेगळे वाचा, आणि परवानगी लागत असेल तर ती तोंडी घेऊ नका. शेजारी बसलेल्या तिघांनी एकदमच हे वाक्य वहीत उतरवून घेतले.

राजीनाम्याचा विषयही चांगला हाताळला गेला. राजीनामा दिला आणि राजीनामा मंजूर झाला यांतले अंतर किती महाग पडू शकते, यासाठी मध्य प्रदेशातील तेव्हाच्या उपजिल्हाधिकारी निशा बांगरे यांचे उदाहरण दिले गेले. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीसाठी त्यांनी राजीनामा दिला, तो मंजूर व्हायला महिने लागले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि मंजुरी हाती आली तोवर त्यांना ज्या मतदारसंघातून उभे राहायचे होते तेथे पक्षाने दुसरा उमेदवार जाहीर केला होता. ज्यांना नोकरी सोडून उभे राहायचे आहे त्यांनी अर्जाच्या छाननीची तारीख गृहीत धरून मागे मोजत जावे, हा सल्ला मी तरी इतक्या स्पष्टपणे आधी कोठे ऐकला नव्हता.

अंगणवाडी सेविकांच्या प्रश्नावर मात्र सभागृहात बराच वेळ गेला, आणि तो जाणेच योग्य होते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या कर्नाटकातील एका प्रकरणात अंगणवाडी सेविका शासनाखालील नागरी पद धारण करत नाहीत असे म्हटले. आणि २०२२ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात त्याच सेविकांना व मदतनिसांना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्याचा हक्क आहे, असा निकाल दिला. म्हणजे एका कामासाठी त्या नोकर नाहीत आणि दुसऱ्या कामासाठी कर्मचारी आहेत. पुढच्या रांगेत बसलेल्या एका ताईंनी उठून विचारले, ''मग मी उभी राहू की नको, एवढेच सांगा.'' वकीलबाईंनी हो किंवा नाही असे उत्तर दिले नाही. पदाच्या नावावरून निष्कर्ष काढू नका. नेमणुकीचा आदेश, मानधन कोण देते त्याचा कागद आणि त्या पदाविषयीचे चालू शासन निर्णय घेऊन या, त्यावर लेखी मत घ्या आणि मगच अर्ज भरा, असे त्यांनी सांगितले. त्या ताईंचे समाधान झाले नाही हे दिसत होते. मलाही वाटले की ज्या बाईला महिन्याच्या मानधनावर घर चालवायचे आहे तिला लेखी मतासाठी पुन्हा पैसे मोजायला सांगणे, हा कायद्याचाच दोष आहे. तरीही बाईंनी खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांना मानतो.

कंत्राट आणि हितसंबंध यांवरचे सत्र हा कार्यशाळेचा गाभा आहे, आणि केवळ त्यासाठीसुद्धा १,२०० रुपये वसूल होतात. कलम १४ चे याविषयीचे पोटकलम असे सांगते की ग्रामपंचायतीच्या हुकमावरून केलेल्या कोणत्याही कामात, किंवा ग्रामपंचायतीशी केलेल्या कंत्राटात, किंवा तिच्या नोकरीत ज्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, हिस्सा किंवा हितसंबंध आहे, तो सदस्य होऊ शकत नाही आणि झाला असेल तर राहू शकत नाही. सगळी भांडणे त्यातल्या 'अप्रत्यक्षपणे' या शब्दाभोवती होतात. बाईंनी त्यासाठी दोन निकाल समोरासमोर ठेवले.

पहिला १९६६ चा, जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या नगरपालिका कायद्याखालचा. निवडून आलेल्या सदस्याचा मुलगा त्याच नगरपालिकेत नोकरीला होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नुसते रक्ताचे नाते म्हणजे हितसंबंध नव्हे. त्या नोकरीत किंवा कंत्राटात सदस्याचा स्वतःचा काही आर्थिक किंवा भौतिक संबंध दाखवता आला पाहिजे. दुसरा २०१२ चा, गोव्यातला. तेथे पंचायतीच्या एका महिला सदस्याच्या पतीने पंचायतीची कामे कंत्राटाने केली होती. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेनुसार, वेगळा करार केलेला नसेल तर विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते. त्यामुळे पतीच्या कंत्राटातील नफ्यात पत्नीचा वाटा आपोआप ठरतो, म्हणून गोवा पंचायत राज अधिनियम, १९९४ खाली ती अपात्र ठरली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. दोन्ही प्रकरणांत तत्त्व एकच लावले गेले, पण कुटुंबातल्या पैशाची व्यवस्था वेगळी होती म्हणून उत्तरे उलटी आली. बाईंनी हे सांगून झाल्यावर थोडे थांबून विचारले, ''आता तुमच्या घरात भावाच्या कंत्राटाचे पैसे कोणत्या खात्यावर येतात, ते आठवा.'' सभागृहात एकदम शांतता झाली. एकत्र कुटुंब, सामाईक सातबारा आणि एकाच पासबुकावर चालणारे घर, ही आमच्याकडची नेहमीची परिस्थिती आहे, आणि कायद्यातला 'अप्रत्यक्ष' हा शब्द नेमका तेथेच येऊन बसतो. माझ्या ओळखीच्या एका सदस्याने जेवणाच्या सुट्टीत घरी फोन लावून धाकट्या भावाच्या टँकरच्या बिलाविषयी विचारल्याचे मी स्वतः ऐकले.

याला जोडून अतिक्रमणाविषयीचा २०१८ चा निकालही सांगितला गेला. शासकीय जागेवर मूळ अतिक्रमण घरातल्या दुसऱ्या कोणी केले असले तरी त्यावर राहत असलेला सदस्य त्यातून सुटत नाही, असे त्यात ठरले. विषय थोडा बाजूचा होता, परंतु कुटुंबाच्या आड लपता येत नाही हे सांगायला उपयोगी पडला.

लाभाच्या पदावरचा तास मला लांबलेला वाटला. खासदार-आमदारांच्या अपात्रतेविषयीचे संविधानातील अनुच्छेद १०२ आणि १९१, जया बच्चन यांचे राज्यसभेतील सदस्यत्व २००६ मध्ये गेले ते प्रकरण, आणि प्रत्यक्षात काही घेतले की नाही यापेक्षा त्या पदावरून घेता येण्यासारखे होते की नाही, ही त्या निकालातील कसोटी. हे महत्त्वाचे आहेच, पण समोर बसलेल्यांपैकी कोणालाही खासदारकीची चिंता नव्हती. तो वेळ ग्रामपंचायतीच्या दप्तराला दिला असता तर अधिक बरे झाले असते.

जेवणानंतर ज्या सरावासाठी मी गेलो होतो तो झाला. प्रत्येकाने आपापल्या ग्रामपंचायतीच्या गेल्या सहा महिन्यांच्या प्रोसिडिंगच्या छायाप्रती आणायच्या होत्या. मी माझी प्रत साहेबांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाने चाळली, ठराव क्रमांक ७ वर थांबले आणि 'अनुमोदक' या शब्दाखाली पेन्सिलने हलकी रेघ ओढली. ''कायद्याने तुम्ही यात सापडत नाही,'' ते म्हणाले, ''तुमचा यात हिस्सा नाही, पैसा नाही. पण हे पान उद्या कोणी बाहेरचा वाचील तेव्हा त्याला काय दिसेल? शाळेचे काम, आणि अनुमोदक शाळेचा शिक्षक.'' मी म्हणालो की काम चांगले होते. त्यावर त्यांनी सांगितले की काम चांगले असले म्हणजे अनुमोदनाला दुसरा कोणीही मिळाला असता. चर्चा सुरू होण्यापूर्वी उभे राहून आपण त्या शाळेत नोकरी करतो हे सांगायचे, ते प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायचे, आणि मतदानातून बाजूला राहायचे. त्यांच्या उत्तरात दरडावणी नव्हती, आणि म्हणूनच ते मला लागले.

येथे वकीलबाईंनी एक तुलना केली, तिची नोंद घेण्यासारखी आहे. नगरपरिषदांसाठीच्या १९६५ च्या अधिनियमात कलम ४४ खाली, ज्या विषयात स्वतःचा हितसंबंध आहे त्यावर मत देणारा नगरसेवक त्याच कारणाने पद गमावू शकतो. ग्रामपंचायतीच्या कलम १४ मध्ये आत कोणी बसावे हे तपशिलाने लिहिले आहे, परंतु बसल्यानंतर कोणत्या क्षणी उठावे हे त्या कलमात तसे लिहिलेले नाही. माझ्या मते नेमकी हीच जागा अशा कार्यशाळेने भरून काढायला हवी. माणूस निवडून आल्यावर त्याला रोज पडणारे प्रश्न अपात्रतेचे नसतातच. आपल्या शाळेला, आपल्या सोसायटीला, आपल्या बायकोच्या बचत गटाला मिळणाऱ्या कामाच्या वेळी आपण खोलीत असावे की नसावे, हे ते प्रश्न असतात. केंद्रीय वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागल्यापासून हे प्रश्न वाढले आहेत, कारण ठरवणारे आणि लाभ घेणारे आता एकाच गल्लीत राहतात.

कार्यशाळेची मुख्य उणीव मला येथेच दिसली. सरावाचा हा अर्धा तास सोडला तर दिवसभराचा सूर भीतीचा होता. विरोधक अपात्रतेसाठी अर्ज करील, जिल्हाधिकारी नोटीस काढतील, साठ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो, त्याविरुद्ध पंधरा दिवसांत अपील करावे लागते, म्हणून सावध राहा. ही माहिती खरी आहे आणि उपयोगीही आहे. पण ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १६ खाली आपले सदस्यत्व कसे वाचवावे एवढेच शिकून घरी जाणारा माणूस चलाख होतो, जबाबदार होत नाही. माझ्यामागे बसलेल्या एकाने तर उघडच विचारले की कंत्राट मेहुण्याच्या नावावर ठेवले तर चालेल का, आणि त्याला मिळालेले उत्तर निव्वळ कायद्याचे होते. मेहुण्याचा पैसा तुमच्या घरात येत नसेल तर सिद्ध करणे कठीण आहे, असे. ते उत्तर चुकीचे नव्हते. परंतु त्यापुढे आणखी एक वाक्य बोलले जायला हवे होते, आणि ते बोलले गेले नाही याचे मला वाईट वाटले.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. नोंदणीच्या यादीत अकरा महिला सदस्य होत्या. त्यांपैकी चौघींच्या जागी त्यांचे पती येऊन बसले होते, आणि हजेरीपटावर सही मात्र पत्नीच्या नावासमोर झाली. ग्रामपंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्याला दशकाहून अधिक काळ लोटला. हितसंबंध शिकवणाऱ्या कार्यशाळेनेच निवडून आलेल्या बाईऐवजी तिच्या नवऱ्याला बसवून घ्यावे, आणि त्या नवऱ्यांपैकी एकाने परिचयाच्या वेळी आपण बांधकामाची कामे घेतो असे सांगावे, यावर आयोजकांनी एक शब्दही काढू नये, हे मला पटले नाही. मी अभिप्रायाच्या कागदावर तसे लिहिले आहे आणि येथेही लिहितो.

पुस्तिकेविषयी थोडक्यात. भाषा सोपी आहे, अक्षर वाचण्याजोगे आहे, कलमांचा मराठी मजकूर मूळ अधिनियमातून जसाच्या तसा घेतला आहे, हे चांगले. मात्र थेट सरपंचाची निवड २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये थांबली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली, यातला शेवटचा बदल पुस्तिकेत आलेलाच नाही. तेथे सरपंच अजून सदस्यांतून निवडला जातो. कायद्याच्या पुस्तिकेत अशी चूक चालत नाही. जेवण साधे आणि गरम होते. बसायच्या खुर्च्या प्लॅस्टिकच्या होत्या आणि सहा तासांनंतर पाठ बोलू लागते, हे वयस्कर मंडळींनी लक्षात ठेवावे.

फोनवरच्या शंकानिरसनाबद्दल मला सर्वांत कमी अपेक्षा होती, आणि प्रत्यक्षात तीच सेवा सर्वांत अधिक कामी आली. मी आजवर दोनदा फोन केला. पहिल्या वेळी बायकोच्या बचत गटाने ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमाला अल्पोपाहार पुरवावा का, हे विचारले. साहेबांनी विचारले की गटाच्या नफ्याचे वाटप कसे होते आणि ते पैसे घरात कोठे जातात. मी खरे ते सांगितले. त्यांनी सांगितले की मग नको. बायको थोडी नाराज झाली. गटातल्या इतर नऊ जणींचे काम माझ्यामुळे गेले, हे तिचे म्हणणे चूक नव्हते, आणि त्यावर माझ्याकडे आजही चांगले उत्तर नाही.

दुसरा फोन सभेच्या आदल्या रात्री केला. आमच्या शाळेने गावठाणातली एक मोकळी जागा क्रीडांगणासाठी अकरा महिन्यांच्या कराराने मागितली होती आणि तो विषय दुसऱ्या दिवशी सभेपुढे होता. मला काय बोलायचे हे ठाऊक होते, पण ते प्रोसिडिंगमध्ये कोणत्या शब्दांत लिहून घ्यावे हे कळत नव्हते. साहेबांनी फोनवर सावकाश एक वाक्य सांगितले आणि मी ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले. सभेत विषय पुकारताच मी उभा राहिलो, ते वाक्य वाचले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो. आत सुमारे वीस मिनिटे चर्चा चालली. ठराव झाला नाही; त्याच जागेवर तरुण मंडळाचीही मागणी होती, म्हणून विषय पुढच्या ग्रामसभेकडे पाठवला गेला. दुसऱ्या दिवशी शाळेत संस्थेच्या सचिवांनी मला बोलावून विचारले की आपला माणूस पंचायतीत असून बाहेर जाऊन बसतो, याचा अर्थ काय. मी त्यांना प्रोसिडिंगची छायाप्रत दाखवली. ग्रामसेवकांनी ते वाक्य जसेच्या तसे लिहिले होते : ''सदर विषयातील अर्जदार शाळेत मी नोकरीस असल्याने या विषयाच्या चर्चेत व मतदानात मी भाग घेत नाही, आणि विषय संपेपर्यंत सभागृहाबाहेर थांबत आहे.'' सचिवांनी ते दोनदा वाचले, कागद परत केला आणि पुढच्या महिन्याच्या वेळापत्रकाविषयी बोलू लागले.